पोरकीं मुलें, आप्तांचें घर आणि सरकार

नातवंडाला मराठींत दुधावरची साय म्हणतात. मुलापेक्षां मुलाचें मूल अधिक प्रिय, असा त्या शब्दांचा भाव आहे. परंतु ज्या घरांतून दूधच नाहींसें झालें, म्हणजे मुलगा गेला, सून गेली किंवा दूर झाली आणि सत्तरीच्या वृद्धेच्या पदरांत दोन-तीन अजाण लेंकरें राहिलीं, त्या घरांत हे शब्द निराळ्याच अर्थानें ऐकूं येतात. तेथें नातवंड म्हणजे उतारवयांतील विसावा नसून पुन्हां आरंभापासून करावयाचा संसार असतो. यवतमाळ जिल्ह्यांत असा संसार मांडलेलीं घरें पिढ्यान्पिढ्या आहेत. मात्र त्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं, कारण इतिहास कागदांवरून लिहितात आणि आजीनें नातवाला वाढविल्याचा कागद होत नसे. सरकारी दप्तरांत जमिनीचा धनी सांपडतो, कर्जाचा ऋणको सांपडतो, मृताचा वारस सांपडतो; मुलाला जेवूं घालणारा हात सांपडत नाहीं. हा हात सरकारला केव्हां दिसूं लागला, आणि दिसल्यावर त्यांत काय पडलें, हें पाहणें हाच या भाषणाचा विषय आहे.

आजच्या यवतमाळ जिल्ह्याची घडण इंग्रजी अमलांतली. १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. १८६४ सालीं त्याच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तो पुढें वणीच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला, १९०५ सालीं जिल्ह्यांची फेररचना होऊन पुसद तालुका इकडे आला, आणि जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. दक्षिणेस पैनगंगा, ईशान्येस वर्धा, मधल्या काळ्या जमिनींत कपाशी व ज्वारी, डोंगराळ भागांत बंजाऱ्यांचे तांडे आणि गोंड-कोलामांच्या वस्त्या, असें या मुलुखाचें रूप. गांव असो, तांडा असो कीं पोड असो, आईबाप गेलेल्या मुलाची वाट बहुधा ठरलेली असे. तें काकाच्या चुलीवर जेवे, नाहीं तर आजोळीं जाई. त्याच्यासाठीं निराळी संस्था नव्हती आणि निराळा शब्दहि नव्हता. तें घरांतलेंच एक पोर होई.

या जुन्या रीतीचें कौतुक करतांना तिची किंमत विसरूं नये. घरांत धान्य असेतों पोरक्या मुलाला वांटा मिळे. धान्य आटलें कीं पहिला वांटा त्याचाच कमी होई. मुलगा असल्यास तो लौकरच गुरांमागें जाई, मुलगी असल्यास तिचें लग्न लौकर उरकलें जाई. आप्तांची माया खरी होती, पण ती कोठारापेक्षां मोठी होऊं शकत नव्हती. आप्तांनीं मूल सांभाळावें हें न्याय्यच. परंतु सांभाळण्याचें बळ त्यांना कोठून यावें, हा प्रश्न त्या रीतीनें कधीं सोडविला नाहीं.

एरवीं झांकून राहणारा हा प्रश्न १८९६-९७ च्या आणि विशेषतः १८९९-१९०० च्या दुष्काळानें उघडा केला. १८९१ सालीं वऱ्हाडची लोकसंख्या सुमारें २८ लाख ९७ हजार होती. १९०१ च्या शिरगणतींत ती २७ लाख ५४ हजारांवर आली. भूक आणि तिच्या मागून येणारे रोग यांचा हा हिशेब आहे. १८८० च्या दुष्काळ-आयोगानंतर ठिकठिकाणीं ज्या दुष्काळी संहिता तयार झाल्या, त्यांत मदतीचे दोन मार्ग आंखलेले होते. अंगांत बळ असेल त्यानें खडी फोडावी, तलाव खोदावा आणि मजुरी घ्यावी; ज्यांना काम करतां येत नाहीं अशा वृद्धांस, पंगूंस व बालकांस फुकट मदत द्यावी. म्हणजे आजी आणि नातू हीं दोघें, काम करूं न शकणारीं म्हणून कां होईना, एकाच यादींत बसूं शकत होतीं. पोरक्या मुलांविषयीं त्या काळचें धोरण असें होतें कीं दुष्काळांत सरकारनें त्यांचा सांभाळ करावा, आणि दुष्काळ ओसरतांच त्यांना आप्तांच्या, आप्त न मिळाल्यास स्वधर्मीयांच्या स्वाधीन करावें.

धोरण शहाणपणाचें होतें. मूल आपल्या माणसांत वाढावें हें त्यांत मान्य केलेलें होतें. पण मूल स्वाधीन करतांना त्याच्याबरोबर पुढच्या पोषणाची सोय द्यावी, हा विचार त्यांत नव्हता. मदतीची मुदत पावसावर ठरे. पीक हातीं आलें कीं यादी बंद होई. पिकानें भूक मिटते, मेलेले आईबाप परत येत नाहींत. दुष्काळ एका वर्षानें संपला तरी त्या वर्षीं दोन वर्षांच्या असलेल्या मुलाला आणखी बारा-पंधरा वर्षें कोणीं तरी भाकरी द्यावयाची होती. ती ज्यांनीं दिली त्यांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत.

त्याच सुमारास, १८९० सालीं, पालक व पाल्य यांचा कायदा झाला. तो आजहि चालू आहे, आणि या विषयाच्या दृष्टीनें त्यांतलें एक कलम फार बोलकें आहे. अज्ञान मुलासाठीं पालक नेमतांना न्यायालयानें मुलाचें हित पहावें, त्याचें वय व धर्म पहावा, होणाऱ्या पालकाचें चारित्र्य आणि मुलाशीं असलेलें नातें किती जवळचें आहे तें पहावें, असें हा कायदा सांगतो. इतकेंच नव्हे, तर न्यायालयानें नेमलेल्या पालकाला त्याच्या काळजीबद्दल व श्रमाबद्दल न्यायालयास योग्य वाटेल तो मोबदला मिळावा, अशीहि तरतूद त्याच्या बाविसाव्या कलमांत आहे. म्हणजे मूल सांभाळणें हें श्रमाचें काम आहे आणि त्या श्रमाला मोल आहे, ही गोष्ट कायद्यानें सव्वाशें वर्षांपूर्वींच कबूल केली होती. परंतु हा मोबदला सरकारी तिजोरींतून येत नव्हता. तो मुलाच्या मालमत्तेंतून यावयाचा होता. ज्या मुलाला वाडा, शेत आणि सोनें होतें त्याच्या पालकाला न्यायालय दिसे. ज्याच्या बापानें मागें कर्जच ठेवलें त्याची आजी त्या दारापर्यंत कशाला जाईल? कायदा मुलाच्या नांवानें होता, पण त्याची नजर मुलाच्या मालमत्तेवर खिळलेली होती.

मालमत्ता नसलेल्या मुलांकडे आधीं लक्ष गेलें तें समाजसेवकांचें. १८६३ सालीं महात्मा फुले व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. १८७५ सालीं पंढरपुरास अनाथ बालकाश्रम सुरू झाला व तो प्रार्थनासमाजानें चालविला. १८९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथील शेंकडों निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आपल्या आश्रयास आणल्या. केडगांवची मुक्ति-सदनाची वसाहत त्यांतूनच उभी राहिली. या कामाचे उपकार मोठे आहेत. ज्यांना कोणीच उरलें नव्हतें अशांना त्यांनीं जीव दिला. पुढें सरकारनेंहि कायदे केले. मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं, मध्यप्रांतांत १९२८ सालीं बालकांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं मुंबईचा कायदा नव्यानें झाला. त्यांतून प्रमाणित शाळा, बालगृहें आणि निरीक्षणगृहें आलीं.

येथून सरकारी मदतीला एक वळण लागलें व तें दीर्घकाळ टिकलें. मूल संस्थेंत असेल तर त्याच्या जेवणाखाणाचें अनुदान मिळे. तेंच मूल आजीजवळ असेल तर कांहीं मिळत नसे. गरीब आप्तापुढें त्यामुळें एक विचित्र निवड उभी राहिली. मुलाला पोटभर जेवण आणि शिक्षण हवें असेल तर त्याला घराबाहेर पाठवावें; घरांत ठेवावयाचें असेल तर अर्धपोटीं ठेवावें. अनेक बालगृहांत ज्यांना आई किंवा आजी आहे अशीं मुलें दिसतात, त्याचें एक कारण येथें आहे. त्या बायांनीं मुलांना टाकलें नव्हतें. सरकार भिंतींना पैसे देत होतें आणि मांडीला देत नव्हतें, म्हणून त्यांनीं मूल भिंतींच्या आंत नेऊन सोडलें.

याच काळांत परदेशांत निराळा विचार रुजत होता. इंग्लंडनें १९२५ सालीं विधवा, अनाथ व वृद्ध यांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला, आणि १९४६ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानें अनाथ मूल आपल्या घरांत घेणाऱ्यास पालकभत्ता दिला. अमेरिकेचा १९३५ चा सामाजिक सुरक्षेचा कायदा तर या बाबतींत अगदीं स्पष्ट होता. आईबापांच्या आधाराला मुकलेलें सोळा वर्षांखालील मूल ज्या आप्ताच्या घरीं राहील तेथें त्याला मदत पोंचावी असें त्यानें ठरविलें, आणि त्या आप्तांची यादी देतांना आजोबा, आजी, भाऊ, बहीण, काका-मामा, आत्या-मावशी अशीं नातीं एकेक करून लिहिलीं. पुढें तेथेंहि तंटा झालाच. परक्यानें मूल संभाळलें तर जास्त रक्कम आणि आप्तानें संभाळलें तर कमी, असा भेद करणाऱ्या एका राज्याविरुद्ध दावा झाला आणि १९७९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो भेद बेकायदा ठरविला. नातें आहे म्हणून मदत कमी, हा न्याय नव्हे, असा त्याचा अर्थ.

भारतांत मात्र स्वातंत्र्यानंतरहि बराच काळ आजीचें स्थान अधांतरींच राहिलें. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें बाप आणि त्याच्यामागें आई यांना नैसर्गिक पालक ठरविलें. आजीआजोबांना तो मान नाहीं, त्यांनीं न्यायालयाकडून पालकत्व घ्यावें लागतें. त्याच वर्षींच्या वारसा कायद्यानें मृताची पत्नी व मुलें यांच्याबरोबर त्याच्या आईलाहि पहिल्या वर्गांत घेतलें, पण बापाला दुसऱ्या वर्गांत ठेवलें. महाराष्ट्रांत १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तिच्यांत निराधार वृद्ध, अपंग, विधवा यांच्या जोडीला अठरा वर्षांखालील अनाथ मुलांनाहि जागा मिळाली. पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठीं श्रावणबाळ योजना आली. २०२३ सालीं या योजनांची मासिक रक्कम १,५०० रुपये झाली. एका छपराखालीं राहणारी आजी आणि नातू यांना आतां निरनिराळ्या खिडक्यांतून निराधार म्हणून कांहीं मिळूं लागलें. तरी दोघेंहि निराधार म्हणूनच ओळखलीं गेलीं. ती त्याचा आधार आहे, ही गोष्ट कोणत्याच अर्जांत लिहिली गेली नाहीं.

ती ज्या योजनेंत प्रथम लिहिली गेली तिचें नांव बालसंगोपन योजना. महाराष्ट्र शासनाचा महिला व बालविकास विभाग २००५ पासून ती आजच्या रूपांत चालवीत आहे. अनाथ, निराश्रित, बेघर किंवा अन्य प्रकारें आपत्तींत सांपडलेल्या बालकांस संस्थेऐवजीं कुटुंबाच्या वातावरणांत वाढवावें, हा तिचा हेतु. आईबाप नसलेलें, एकच पालक असलेलें, पालक तुरुंगांत किंवा दुर्धर आजारांत असलेलें मूल आप्ताच्या घरीं किंवा उरलेल्या पालकाजवळ रहावें आणि त्याच्या नांवें दरमहा रक्कम मिळावी, अशी तिची रचना आहे. अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार आणि बँकेचें पुस्तक लागतें. घरीं जाऊन चौकशी होते. आणि अखेर जिल्ह्याची बालकल्याण समिति आदेश देते. जुन्या दुष्काळी धोरणांत जें वाक्य अर्धें राहिलें होतें तें येथें पुरें झालें: मूल आप्तांकडे ठेवावें, आणि त्याच्याबरोबर पोषणाचीहि सोय द्यावी.

ज्या वर्षांत ही योजना पुढें आली, त्याच वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचें नांव एका दुःखद कारणानें देशभर झालें. कपाशीचा खर्च वाढला, भाव मिळेना, कर्ज फिटेना, आणि शेतकऱ्यांनीं स्वतःचें जीवन संपविण्याचे प्रकार वाढत गेले. २००१ पासून या एका जिल्ह्यांत असे मृत्यु पांच हजारांहून अधिक झाले आहेत. २००६ च्या जून-जुलैमध्यें पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग विदर्भांत आले आणि यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व वर्धा या सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर झाली. त्याआधींच, २००५ च्या अखेरीस, मृत शेतकऱ्याच्या वारसांस एक लाख रुपये देण्याचें राज्य शासनानें ठरविलें होतें. त्यांपैकीं ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपांत द्यावयाचे होते. त्याला अटी होत्या. शेती मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नांवें असावी, कर्ज थकलेलें असावें, आणि वसुलीचा तगादा लागलेला असावा. या चाळणींतून पुष्कळ प्रकरणें अपात्र म्हणून खालीं पडलीं.

या मदतीचा रोख ध्यानांत घेतला पाहिजे. ती एकदांच देण्याची होती, ती शेतीशीं व कर्जाशीं बांधलेली होती, आणि ती वारसाकडे जाणारी होती. बहुतेक घरीं वारस म्हणजे तरुण विधवा. तिच्यावरचें ओझें कोणाहून कमी नाहीं. पैसा तिला मिळावा यांत अन्याय कसला? तिच्यापैकीं कित्येकींनीं शेत कसून, मजुरी करून मुलें वाढविलीं. परंतु कांहीं घरांत पुढें निराळें घडे. तरुण सून माहेरीं जाई, किंवा तिचें पुन्हां लग्न होई, आणि दोघां म्हाताऱ्यांजवळ मुलें उरत. त्या वेळीं मदतीचें प्रकरण दप्तरांत केव्हांच बंद झालेलें असे. मुलगा गेल्याचा कागद होता, पैसे दिल्याचा कागद होता. मुलें कोणाजवळ आहेत हें विचारणारा रकाना मात्र नव्हता. जी आजी नवऱ्याच्या काळीं कपाशी वेंचीत होती ती मुलाच्या मागें पुन्हां दुसऱ्याच्या शेतांत वेंचणीला जाऊं लागली.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर याच जिल्ह्यांत कपाशीवर विषारी औषध फवारतांना बाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झाले. शासनानें वारसांस दोन लाख रुपये देण्याचें जाहीर केलें. पुढें २०२१ सालीं कोरोनाच्या साथीनें दोन्ही पालक हिरावलेल्या मुलांसाठीं राज्यानें पांच लाखांची ठेव ठरविली, आणि केंद्रानें तेविसाव्या वर्षीं मिळावयाची दहा लाखांची तरतूद केली. या साऱ्या मदती योग्यच आहेत. पण त्यांची एकत्र मांडणी केली कीं एक विसंगति दिसते. साथीनें पोरकें झालेलें मूल, विषबाधेनें पोरकें झालेलें मूल, कर्जानें पोरकें झालेलें मूल, आणि सापानें, अपघातानें किंवा क्षयानें पोरकें झालेलें मूल यांची भूक एकच आहे. सरकारी खात्यांत मात्र त्यांचे भाव निराळे आहेत. मदत मृत्यूच्या कारणाला मिळते. आजीला सांभाळावें लागतें तें मूल, मृत्यूचें कारण नव्हे.

ज्यांच्या बाबतींत मृत्यूच झाला नाहीं, त्यांची अवस्था आणखी अवघड. केळापूर, झरी-जामणी, मारेगांव या तालुक्यांतील पोडांवर कोलाम वस्ती मोठी आहे. ही जमात केंद्र सरकारनें विशेष दुर्बल आदिवासी गटांत घातलेली आहे. त्या भागांत बाहेरून कामाला येणाऱ्या पुरुषांनीं लग्नाचें आमिष दाखवून फसविलेल्या अविवाहित मातांचा प्रश्न अनेक वर्षें गाजत आहे. त्यांचीं मुलें बहुधा आईच्या आईबापांच्या घरांत वाढतात. त्यांना बापाच्या मृत्यूचा दाखला आणतां येत नाहीं, कारण बाप मेलेला नाहीं. तो निघून गेलेला आहे. अशा घराला वारसाची मदत लागू नाहीं, ठेव लागू नाहीं. मुलाची स्थिति पाहून दिलेली मासिक रक्कम, हीच एक मदत त्याच्यापर्यंत पोंचूं शकते.

म्हणून बालसंगोपनाच्या रकमेचा इतिहास महत्त्वाचा आहे. २०१३ पासून ती दरमहा ४२५ रुपये होती, म्हणजे दिवसाला साधारण चवदा रुपये. एवढ्यांत एका मुलाचें एक वेळचें जेवणहि भागणें कठीण. साथीच्या वर्षीं, २०२१ सालीं, ती १,१०० रुपये झाली. २०२३ सालीं योजनेला क्रांतिज्योति सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें आणि रक्कम २,२५० रुपये झाली. दिवसाला पंचाहत्तर रुपये. दरम्यान २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय असावा हें तत्त्व लिहून ठेवलें होतें. २०२२ पासून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेंत दरमहा ४,००० रुपयांचें प्रायोजन मिळूं लागलें, व त्याच्या पात्रतेंत विस्तारित कुटुंबांत राहणाऱ्या अनाथ मुलांचा स्पष्ट उल्लेख आला. खेड्यांत वर्षाला ७२ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ती खुली आहे. अमेरिकेच्या कायद्यांत १९३५ सालीं जी गोष्ट आली, ती इकडे सत्तर-ऐंशीं वर्षांनीं आली, पण आली.

तरी योजना कागदावर येणें आणि रक्कम पासबुकांत येणें यांत अंतर असतें, आणि यवतमाळांत तें अंतर मैलांतहि मोजतां येतें. जिल्ह्याचें क्षेत्रफळ १३ हजार ५८२ चौरस किलोमीटर, तालुके सोळा. उमरखेड किंवा वणीकडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणीं यावयाचें तर सुमारें शंभर किलोमीटरांची वाट. म्हातारीनें एक दाखला तहसिलींतून आणावा, दुसरा शाळेंतून, तिसरा ग्रामपंचायतींतून, आणि मग मुलाला घेऊन यवतमाळ गांठावें, म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडाली. दाखल्यावर नांवांत एका अक्षराचा फरक निघाला कीं फेरा पुन्हां पहिल्यापासून. ज्या घरांत कर्ता पुरुष नाहीं, लिहितां-वाचतां येणारें मोठें माणूस नाहीं, त्याच घराकडून सर्वांत जास्त कागद मागितले जातात.

या अडचणीवर दुसऱ्या एका देशानें शोधलेला उपाय पाहण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेंत १९९८ सालीं लहान मुलांसाठीं पोषणभत्ता सुरू झाला. तो ठरवितांना तेथील समितीनें असें तत्त्व घेतलें कीं पैसा मुलाच्या मागोमाग जावा. मूल आईजवळ असेल तर आईला, आजीजवळ असेल तर आजीला; प्रत्यक्ष सांभाळ कोण करतो एवढेंच विचारावें. आरंभीं ही रक्कम महिना शंभर रॅंड, आणि तीहि सात वर्षांखालच्या मुलांपुरतीच होती. पण पुढें त्या देशांत रोगानें मधली पिढी कापली गेली, तेव्हां हजारों आज्यांच्या घरांना याच भत्त्याचा आधार झाला. वारसाचा, जमिनीचा आणि मृत्यूच्या कारणाचा शोध त्यांत नव्हता, म्हणून ती मदत त्या घरांपर्यंत पोंचूं शकली.

कांहीं लोक यावर एक आक्षेप घेतात, आणि तो प्रामाणिक आहे. नातवाला वाढविणें हा आजीचा धर्म. त्याला पैसे लावले तर माया भाड्यानें दिल्यासारखी होईल, असें त्यांचें म्हणणें. त्याला इतिहासच उत्तर देतो. १८९० च्या कायद्यानें श्रीमंत मुलाच्या पालकास काळजीचा व श्रमाचा मोबदला देऊं केला, तेव्हां त्यानें माया आटेल अशी शंका कोणी घेतली नाहीं. बालगृहांस दरडोई अनुदान मिळूं लागलें, तेव्हांहि घेतली नाहीं. ही शंका येते ती गरिबाच्या घराबद्दलच. वस्तुतः पैशानें माया येत नाहीं आणि जातहि नाहीं. माया असूनहि मुलाची शाळा कां सुटते, तिचें लग्न पंधराव्या वर्षीं कां होतें, तो गुरांमागें कां जातो, या प्रश्नांचें उत्तर बहुधा पैशांत असतें.

एक गोष्ट अजून उरते, आणि ती या विषयाच्या मर्माशीं आहे. आजीआजोबांचें वय वाढत असतें तेव्हांच मुलाचें बालपण चालू असतें. सहा वर्षांचें मूल अठरा वर्षांचें होईतों सत्तरीची आजी ब्यायशींची होते, किंवा होत नाहीं. बालसंगोपनाचा लाभ अठराव्या वर्षीं थांबतो; त्यापूर्वींच सांभाळणारा हात थांबला तर मूल दुसऱ्यांदां पोरकें होतें, आणि या खेपेस त्याला आजोळहि उरत नाहीं. मदत मुलाच्या नांवें असावी, तिच्याबरोबर पुढचा सांभाळ करणाऱ्या आप्ताचें नांव आधींच नोंदलेलें असावें, आणि गृहभेटीला येणाऱ्यानें मुलाची चौकशी करतांना आजीच्या प्रकृतीचीहि करावी, एवढें झालें तर हा दुसरा आघात टळूं शकेल.

१९०० सालीं दुष्काळ ओसरल्यावर वऱ्हाडांतल्या एखाद्या खेड्यांत पाटलानें पोरकें मूल कोणा वृद्धेच्या स्वाधीन केलें असेल, तेव्हां तिनें तें काहीं न विचारतां घेतलें असेल. आजहि तिच्या जागीं असलेली बाई तसेंच घेते. फरक पडावयास हवा तो एवढाच, कीं मूल हातीं देणाऱ्यानें तिला विचारावें, याला खाऊं काय घालशील. आणि उत्तर येण्याची वाट न पाहतां त्याची सोय तिच्या दारीं पोंचती करावी.